फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे दुखणे आणि फायब्रोमायल्जियासाठी व्हर्च्युअल रिॲलिटी

१२ मे हा परिचारिका दिन आहे, हे तुम्हाला माहीत असेल. त्याच दिवशी फायब्रोमायल्जिया आणि दीर्घकालीन थकव्याच्या आजाराचा जनजागृती दिनही पाळला जातो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. दोन्ही दिवसांमागे एकच व्यक्ती आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा तो जन्मदिवस. हातात दिवा घेऊन रात्री सैनिकांच्या खाटांमधून फिरणाऱ्या फ्लॉरेन्स आपण शाळेच्या पुस्तकात पाहिल्या. पण त्यांचे रणांगणाजवळचे काम दोन वर्षांहून कमी काळ चालले. त्यानंतरची कित्येक वर्षे त्यांनी वेदना, थकवा आणि निद्रानाश सोसत बिछान्यावर किंवा कोचावर काढली.

तुम्हाला किंवा तुमच्या घरातील कोणाला फायब्रोमायल्जिया असेल, तर हे आयुष्य जाणून घेण्यासारखे आहे. अलीकडे या आजारासाठी व्हर्च्युअल रिॲलिटीचे, म्हणजे डोळ्यांवर चष्म्यासारखे यंत्र लावून करायचे उपचार चर्चेत आहेत. त्यामागचा विचार समजायलाही फ्लॉरेन्स यांची गोष्ट उपयोगी पडते.

श्रीमंत घरातील हट्टी मुलगी

फ्लॉरेन्स यांचा जन्म १८२० साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला. शहराचेच नाव मुलीला ठेवले गेले. आईवडील श्रीमंत इंग्रज होते आणि इंग्लंडमध्ये त्यांची दोन मोठी घरे होती. वडिलांनी दोन्ही मुलींना घरीच भाषा, इतिहास आणि गणित शिकवले. फ्लॉरेन्स यांना आकड्यांची विशेष आवड होती.

सतराव्या वर्षी देवाने आपल्याला सेवेसाठी बोलावले आहे, असे त्यांना जाणवले. पुढे त्यांनी रुग्णसेवा करायची ठरवले, तेव्हा घरात वादळ उठले. त्या काळी इंग्लंडमधील रुग्णालये घाणेरडी असत आणि तिथे काम करणाऱ्या बायकांकडे आदराने पाहिले जात नसे. चांगले स्थळ आले होते, तेही फ्लॉरेन्स यांनी नाकारले. अखेर १८५१ मध्ये जर्मनीतील कैसर्सवर्थ येथे त्यांना काही महिने प्रशिक्षण घेता आले. १८५३ मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरील स्त्रियांच्या एका छोट्या रुग्णालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तेव्हा त्या ३३ वर्षांच्या होत्या.

स्कुटारीचा हिवाळा

१८५४ मध्ये क्रायमियाच्या युद्धातून जखमी आणि आजारी सैनिकांच्या हालांच्या बातम्या लंडनला येऊ लागल्या. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे फ्लॉरेन्स यांचे स्नेही होते. त्यांच्या सांगण्यावरून त्या ३८ परिचारिकांना घेऊन निघाल्या आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला तुर्कस्तानात, आजच्या इस्तंबूलमधील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या.

ते रुग्णालय म्हणजे एक भलीमोठी बराक होती. खाली तुंबलेली गटारे, वर उंदीर आणि उवा, धुतलेले कपडे नाहीत, पुरेसे अन्न नाही. फ्लॉरेन्स यांनी स्वयंपाकघर उभे केले, धुलाईची सोय लावली, सामान मिळवले. तरीही पहिल्या हिवाळ्यात मृत्यू कमी झाले नाहीत. फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल रुग्णांमधील मृत्यूचे प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांवर गेले होते. मार्चमध्ये सरकारने पाठवलेल्या आरोग्य आयोगाने गटारे साफ केली आणि हवा खेळती केली, तेव्हा हे प्रमाण झपाट्याने खाली आले. जखमांपेक्षा घाणीतून होणाऱ्या रोगांनी कितीतरी अधिक सैनिक मारले होते. युद्धानंतर हे आकडे मांडताना फ्लॉरेन्स यांना ते पुरते कळले आणि त्यांचे पुढचे सारे काम त्यातून घडले.

तो ताप, जो पुरता गेलाच नाही

मे १८५५ मध्ये त्या क्रायमियातील बालाक्लावा येथील रुग्णालये पाहायला गेल्या आणि तिथे तापाने फणफणल्या. सैनिक त्याला क्रायमियाचा ताप म्हणत. काही दिवस त्या वाचतील की नाही, याची खात्री नव्हती. त्यांचे केस कापून टाकावे लागले. त्या उठल्या आणि पुन्हा कामाला लागल्या, पण पूर्वीची तब्येत परत आली नाही.

१८५६ च्या ऑगस्टमध्ये, स्वागताचा गाजावाजा टाळण्यासाठी नाव बदलून, त्या गुपचूप घरी परतल्या. वर्षभर त्यांनी लष्करी आरोग्याच्या अहवालासाठी अखंड काम केले आणि ऑगस्ट १८५७ मध्ये त्या कोसळल्या. छातीत धडधड, धाप, अन्नाची किळस, झोप नाही, जराशा श्रमाने गळून जाणे. वय होते ३७. आपण आता जगत नाही असे समजून त्यांनी मृत्यूनंतर द्यायचे पत्रही लिहून ठेवले.

१८६१ च्या शेवटी आणखी मोठा झटका आला. पाठीच्या कण्यात असह्य वेदना सुरू झाल्या आणि पुढची काही वर्षे त्यांना चालता आले नाही. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत त्यांना उचलून न्यावे लागे. वेदनेसाठी त्वचेखाली अफूची सुई टोचण्याचा तेव्हा अगदी नवा असलेला उपायही त्यांनी घेऊन पाहिला. त्याने थोडा वेळ आराम पडे, पण डोके जड होई.

डॉक्टर तपासत, पण ठोस असे काही सापडत नसे. मग कुजबुज सुरू झाली. काहींच्या मते हा मनाचा आजार होता. काहींना वाटे, नको असलेली माणसे टाळायला आणि हवे ते करून घ्यायला त्या आजारपण वापरतात. त्यांच्या मृत्यूनंतरही अनेक चरित्रकारांनी हाच सूर लावला.

तुमच्यापैकी अनेकींना हे ओळखीचे वाटेल. फायब्रोमायल्जियाच्या रुग्ण स्त्रिया दवाखान्यात येतात, त्या पिशवीभर रिपोर्ट घेऊन. सगळे नॉर्मल. आणि रिपोर्ट नॉर्मल म्हणजे दुखणे खोटे, असा अर्थ घरच्यांनी आणि कधीकधी डॉक्टरांनीही काढलेला असतो.

मग त्यांना नेमके काय झाले होते?

१८८७ मध्ये माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने एका तापाचे जंतू शोधले. आज त्या आजाराला ब्रुसेलोसिस म्हणतात. तो शेळीच्या कच्च्या दुधातून पसरतो, हे १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झामित यांनी दाखवले. हा आजार जुना झाला, तर वर्षानुवर्षे थकवा, उदासी, सांधेदुखी आणि पाठीच्या कण्याला सूज राहू शकते. फ्लॉरेन्स यांची लक्षणे या आजाराशी चांगली जुळतात, असे १९९५ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडले गेले आणि आज अनेक अभ्यासकांना ते पटते.

म्हणजे त्यांना फायब्रोमायल्जियाच होता, असे म्हणता येत नाही. मग त्यांचा जन्मदिवस या आजारासाठी का निवडला गेला? दीर्घकाळचे, डोळ्यांना न दिसणारे आणि लोकांनी संशय घेतलेले दुखणे सोसत जगलेली एवढी ठळक व्यक्ती दुसरी सापडणे कठीण, म्हणून.

यातून तुमच्यासाठी एक व्यावहारिक गोष्ट निघते. सतत अंग दुखते म्हणून लगेच फायब्रोमायल्जियाचे लेबल लावू नये. थायरॉइड, हिमोग्लोबिन, ड आणि ब१२ जीवनसत्त्व, संधिवात, मधुमेह हे एकदा तपासून घ्यावे. घरी गाई, म्हशी किंवा शेळ्या असतील, कच्चे दूध पिण्यात आले असेल आणि ताप येत-जात असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. ब्रुसेलोसिस आपल्याकडे आजही आढळतो आणि तो प्रतिजैविकांनी बरा होतो.

फायब्रोमायल्जिया म्हणजे काय?

या आजारात शरीराच्या अनेक भागांत तीन महिन्यांहून अधिक काळ दुखते. सोबत थकवा, झोपूनही ताजेतवाने न वाटणे आणि विसरभोळेपणा असतो. निदान झालेल्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण बरेच जास्त आहे. सांधे किंवा स्नायू झिजलेले नसतात. बिघाड असतो तो वेदनेचे संदेश हाताळणाऱ्या मज्जासंस्थेत. लाऊडस्पीकरचे बटण कोणी कमाल आवाजावर अडकवून ठेवावे, तसे होते. साधा स्पर्शही दुखतो. दुखणे खरे असते, पण ते एक्स-रेत किंवा रक्तात दिसत नाही.

उपचारांत सर्वांत भक्कम पुरावा आहे तो हळूहळू वाढवत नेलेल्या व्यायामाचा. झोपेची शिस्त, समुपदेशन आणि गरजेनुसार ॲमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटिन किंवा प्रीगाबालिन यांसारखी औषधे यांचा काहींना उपयोग होतो. अफूच्या जातीची तीव्र वेदनाशामके मात्र या आजारात टाळलेली बरी. त्यांचा फायदा टिकत नाही आणि सवय लागते.

खिडकी, फुले आणि छताकडे पाहणारा रुग्ण

१८५९ मध्ये, म्हणजे स्वतः आजारी असताना, फ्लॉरेन्स यांनी घरोघरच्या बायकांसाठी शुश्रूषेवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात स्वच्छता, हवा, आवाज आणि आहार यांवर प्रकरणे आहेत. एक प्रकरण केवळ बदल या विषयावर आहे.

त्यांचे म्हणणे असे होते. बरे माणूस दिवसभरात शंभर गोष्टी पाहते. आजारी माणूस त्याच भिंती आणि तेच छत पाहत राहते. त्याला वेदना आणि काळजी यांपासून नजर हटवायला जागाच उरत नाही. म्हणून खाटेवरून खिडकी दिसली पाहिजे. रंगीत फुले, एखादे चित्र, जमल्यास एखादा पाळीव पक्षी असावा. रुग्णाला याने नुसते बरे वाटते असे नाही, तर शरीरावरही परिणाम होतो, असे त्यांनी ठामपणे लिहिले. हा परिणाम नेमका कसा होतो, हे त्या काळी कोणालाच सांगता येत नव्हते.

आज त्याचे थोडे उत्तर मिळाले आहे. मेंदूची लक्ष देण्याची क्षमता मर्यादित असते. लक्ष दुसरीकडे गुंतले की वेदनेच्या संदेशाला मिळणारा वाटा घटतो. व्हर्च्युअल रिॲलिटी, थोडक्यात व्हीआर, याच तत्त्वावर उभी आहे.

व्हीआर उपचार कसे काम करतात?

अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी बर्फाचे एक आभासी जग तयार केले. जखमेची मलमपट्टी होत असताना रुग्ण डोळ्यांवर यंत्र लावून बर्फाच्या दरीतून जातो आणि हिममानवांवर बर्फाचे गोळे फेकतो. रुग्णांना वेदना कमी जाणवल्या. पुढे निरोगी स्वयंसेवकांच्या मेंदूचे स्कॅन केले, तेव्हा व्हीआर सुरू असताना वेदनेशी संबंधित भागांची हालचाल घटलेली दिसली.

पण मलमपट्टीची वेदना अर्ध्या तासात संपते. फायब्रोमायल्जियाची संपत नाही. यंत्र काढले की दुखणे परत, एवढ्यावर उपचार थांबून चालत नाही. म्हणून या आजारात व्हीआरचा वापर लक्ष वळवण्यापलीकडे जाऊन केला जातो:

- शांत दृश्यात श्वसन आणि शिथिलीकरण शिकवणे
- खेळाच्या रूपात हातपाय हलवायला लावणे, म्हणजे हालचालीची भीती कमी होते
- कामे आणि विश्रांती यांची विभागणी शिकवणे

स्पेनमध्ये फायब्रोमायल्जिया असलेल्या स्त्रियांवर यासंबंधी बरेच काम झाले आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६१ स्त्रिया होत्या. त्यात कामांचे नियोजन शिकवताना व्हीआरची जोड दिली होती. त्या गटात आजाराचा दैनंदिन आयुष्यावरील परिणाम कमी झाला आणि स्त्रियांना उपचार आवडला. एक्स्ट्रेमादुरा विद्यापीठातील अभ्यासात ७६ स्त्रियांपैकी एका गटाने आठ आठवडे पडद्यासमोरील खेळांतून व्यायाम केला. त्यांना वेदनेत आणि जीवनमानात फायदा दिसला.

नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने घरी वापरायच्या एका व्हीआर कार्यक्रमाला परवानगी दिली. ती जुनाट कंबरदुखीसाठी आहे, फायब्रोमायल्जियासाठी नाही. आठ आठवड्यांच्या या कार्यक्रमाची चाचणी १७९ रुग्णांवर झाली. त्यातील ६६ टक्के रुग्णांची वेदना ३० टक्क्यांहून अधिक घटली. तुलनेच्या गटात हे प्रमाण ४१ टक्के होते. हा दुसरा आकडाही लक्षात ठेवा. रोज ठरावीक वेळ स्वतःसाठी काढली आणि आपल्या दुखण्याकडे कोणी लक्ष दिले, तर त्यानेही बराच फरक पडतो.

एकूण चित्र असे की व्हीआर आशादायक आहे, पण फायब्रोमायल्जियातील बहुतेक अभ्यास लहान आणि थोड्या काळाचे आहेत. ती व्यायाम आणि औषधांच्या जोडीला घ्यायची गोष्ट आहे, त्यांच्या जागी नाही. महाग यंत्र कर्ज काढून घेण्यासारखा पुरावा आज नाही. कोणी यातून आजार मुळासकट बरा करण्याचे वचन देत असेल, तर सावध राहा.

वापरण्यापूर्वी

- फिट येण्याचा आजार, चक्कर, तीव्र अर्धशिशी किंवा नुकतीच डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.
- पहिल्यांदा बसून, पाच ते दहा मिनिटेच वापरा. आजूबाजूला मोकळी जागा आणि घरातील एक माणूस असू द्या.
- मळमळ, डोकेदुखी किंवा डोळ्यांवर ताण आला की लगेच थांबा.
- मानेचे दुखणे असेल, तर यंत्राचे वजन त्रास देऊ शकते.
- वेगाने फिरणारी दृश्ये टाळा. समुद्र, जंगल, बाग अशी संथ दृश्ये निवडा.

यंत्र मिळाले नाही, तरी तत्त्व तुमच्या हातात आहे. खाट खिडकीकडे वळवा. कुंडीत एक फूलझाड लावा. दुखणे वाढते त्या वेळी आवडीचे गाणे किंवा विणकाम, असे काहीतरी मन गुंतवणारे हाताशी ठेवा.

घरच्यांसाठी

त्याच पुस्तकात फ्लॉरेन्स यांनी आजाऱ्याला भेटायला येणाऱ्यांच्या सल्ल्यांवरही एक प्रकरण लिहिले आहे. काही झालेले नाही अशी खोटी उभारी देणारे आणि ऐकीव उपाय सुचवणारे लोक रुग्णाला किती थकवतात, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले. रुग्णाला आपले दुखणे पुन्हापुन्हा सिद्ध करत बसावे लागते आणि त्यातच उरलेली शक्ती जाते.

म्हणून घरातील बाईला फायब्रोमायल्जिया असेल, तर तिला उठून कामाला लाग म्हणजे बरे वाटेल असे सांगू नका. काल तर छान होतीस, असे टोमणेही नकोत. या आजारात कालचा आणि आजचा दिवस वेगळा असतो. पाणी भरणे, जड भांडी घासणे, पीठ मळणे यांतील एखादे काम न सांगता उचला. औषधाच्या गोळीइतकाच त्याचा उपयोग होतो.

बिछान्यातून चाललेले राज्य

फ्लॉरेन्स यांनी आपल्या आजाराशी जुळवून घेतले ते शक्ती मोजून खर्च करून. पाहुण्यांना वेळ ठरवून आणि एकेकटेच भेटायचे. लांबलचक समारंभांना नकार. बरीचशी कामे पत्रांतून. आज आम्ही रुग्णांना कामाची आणि विश्रांतीची जी विभागणी शिकवतो, ती त्यांनी स्वतःच शोधली होती.

त्या खोलीतून झालेले काम थक्क करणारे आहे. १८५८ मध्ये त्यांनी मृत्यूची कारणे दाखवणारी रंगीत वर्तुळाकार आकृती तयार केली आणि त्याच वर्षी लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री सदस्य झाल्या. १८६० मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने परिचारिकांची शाळा सुरू झाली. भारतात त्या कधीच आल्या नाहीत, पण इथल्या लष्करी छावण्यांमधून माहिती मागवून त्यांनी पाण्याचा आणि सांडपाण्याचा प्रश्न मांडला. भारतातील ब्रिटिश सैनिकांचा वार्षिक मृत्युदर दहा वर्षांत हजारी ६९ वरून १८ वर आल्याचे त्यांनी १८७३ मध्ये नोंदवले. पुढे त्यांचे लक्ष खेड्यांतील आरोग्य आणि दुष्काळाकडे वळले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता.

वयाच्या साठीनंतर त्यांच्या वेदना बऱ्याच कमी झाल्या आणि स्वभावही निवळला, असे त्यांच्या चरित्रांतून दिसते. लंडनच्या साउथ स्ट्रीटवरील घरात, मांजरांच्या सोबतीने, त्यांनी उरलेली वर्षे काढली. शेवटी दृष्टी गेली. १९०७ मध्ये ब्रिटनचा ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, झोपेतच त्यांचे निधन झाले. सदतिसाव्या वर्षी मरणाची तयारी करून ठेवलेली बाई त्यानंतर ५३ वर्षे जगली. वेस्टमिन्स्टर ॲबेतील दफन त्यांच्या इच्छेनुसार नाकारले गेले आणि गावच्या चर्चच्या आवारात, आईवडिलांजवळ, त्यांना पुरले.

फायब्रोमायल्जिया हा स्वतः जीवघेणा आजार नाही. पण तुमचे रोजचे जगणे कसे जाईल, हे वेळेवर निदान, नियमित हालचाल, पुरेशी झोप आणि घरच्यांचा विश्वास यांवर बरेच अवलंबून असते. वजन घटणे, वारंवार ताप, सांध्यांना सूज, हातापायांतील ताकद जाणे किंवा जगणे नकोसे वाटणे यांपैकी काहीही असेल, तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. एरवी पुढच्या भेटीला जाताना आठवडाभराची एक छोटी वही भरून न्या. कधी दुखले, किती झोप झाली, काय केल्यावर बरे वाटले, एवढेच त्यात लिहा. नॉर्मल रिपोर्टच्या पिशवीपेक्षा ती वही तुमच्या डॉक्टरांना जास्त सांगेल.